वांगी पैठणीवरचे पीच गुलाब: माघातल्या लग्नाची फुलं

फुलांची ऑर्डर घेताना आम्ही आधी कापड मागतो. ब्लाउजपीसचा हातभर तुकडा चालतो. तोही शिंप्याकडे गेला असेल तर साडीच घेऊन या म्हणतो. मोबाइलवर हिरवा शालू कधी मोरपिशी दिसतो, कधी शेवाळी, आणि त्या भरवशावर फुलं ठरवली की मुहूर्ताला हार एकीकडे आणि शालू एकीकडे होतो. माघातल्या या लग्नात कापडं तीन होती: गौरीहराला पिवळी अष्टपुत्री, मुहूर्ताला हिरवा शालू, आणि संध्याकाळी पार्टी प्लॉटवरच्या, म्हणजे समारंभाला भाड्यानं मिळणाऱ्या मोकळ्या मैदानावरच्या, स्वागत समारंभाला वांगी रंगाची पैठणी, भरगच्च जरीच्या काठांची. मुहूर्त १२ फेब्रुवारीचा, सकाळी अकराच्या सुमारास. नवरीच्या मनात बुके पक्का होता: गडद लाल गुलाबांचा गच्च गोल.

बडोद्यातल्या मराठी लग्नात सकाळ हाराची, मुंडावळ्यांची आणि वेणीची. बुके हातात येतो तो संध्याकाळी, स्टेजवर जाताना. म्हणून त्याचा रंग पैठणीवर आणि रात्रीच्या दिव्यांत बघावा लागतो. दुपारी दुकानात पसंत केलेला रंग रात्री तोच राहत नाही.

टेबलावर पैठणी पसरली आणि तिच्यावर दोन गुलाब ठेवले. एक टॉप सीक्रेट वाणाचा, मखमली गडद लाल, दुसरा पीच. खिडकीच्या उजेडात लाल गुलाब देखणा दिसत होता. मग खिडकी बंद केली आणि पिवळा दिवा लावला. लाल गुलाबाच्या वरच्या दोन-तीन पाकळ्यांच्या कडा तेवढ्या उरल्या, बाकीचं फूल पैठणीत विरून गेलं. पीच गुलाब होता तिथेच होता, उलट थोडा केशरी होऊन जरीच्या जवळ गेला. लाल आणि वांगी हे रंग वेगळे आहेत, पण दोघांचा गडदपणा जवळपास सारखा. रात्री डोळ्याला रंगातला फरक कमी आणि उजेड-काळोखातला फरक जास्त कळतो. घरीही हे तपासता येतं: फूल कापडावर ठेवून फोटो काढायचा आणि तो कृष्णधवल करून बघायचा. दोन्ही एकाच करड्या छटेचे आले, तर ते फूल त्या साडीवर रात्री दिसणार नाही.

पांढऱ्याचंही असंच आहे. शुभ्र पांढरं फूल जरीशेजारी ठेवलं की जरीचा रंग मातकट वाटतो. सायीच्या रंगाच्या गुलाबाशेजारी तोच रंग उजळतो. त्यामुळे पैठणी आणि शालूसाठी आम्ही अव्हलांच वाणाचा गुलाब घेतो. त्याला पांढरा म्हणतात खरा, पण बाहेरच्या पाकळ्यांवर हिरवट झाक असते आणि आत तो सायीसारखा दिसतो.

नवरीच्या आईचा चेहरा जरा उतरला. ‘‘लाल अजिबातच नाही का हो? शुभकार्यात लाल हवंच.’’ लाल आम्ही काढून टाकला नव्हता, त्याची जागा बदलली होती. हिरव्या शालूवर, दिवसाउजेडी, पांढऱ्या हारात लाल गुलाब जितका उठून दिसतो तितका दुसरा कुठलाच रंग दिसत नाही. लाल सकाळच्या हारात गेला, पीच आणि साय संध्याकाळच्या बुकेत.

बुकेत लाल न घेण्याचं दुसरं कारण तारखेचं. १४ फेब्रुवारीसाठी तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसमधले शेतकरी डिसेंबरातच छाटणीचं गणित बसवतात. लांब दांड्याचा, घट्ट कळीचा लाल माल परदेशी आणि मोठ्या शहरांकडे जातो, आणि आमच्या बाजारात ८ तारखेपासून लाल डच, म्हणजे पॉलिहाउसमधल्या लांब दांड्याच्या, गुलाबाचा भाव दुपटीच्या पुढे चढतो. भावापेक्षा वाईट म्हणजे त्या आठवड्यात येणारा बराच लाल माल शीतगृहात दिवस काढून आलेला असतो. अशा फुलाची ओळख सोपी आहे. पाकळ्यांच्या कडा काळसर असतात आणि रंगात जांभळट झाक उतरलेली असते. फूल म्हातारं होताना पाकळीतल्या रसाची आम्लता कमी होते आणि लालाचा निळसर होतो. असा गुलाब पाण्यात ठेवून तरुण होत नाही. पीच, पिवळा, पांढरा यांच्यावर त्या आठवड्यात एवढा ताण नसतो. बुके लाल केला असता तर १६ दांडे लागले असते आणि बदली माल धरून दोन गड्ड्या. हाराला एका गड्डीत भागलं.

बाकी फेब्रुवारी हा बडोद्यात फुलांचा सर्वांत सुखाचा महिना. रात्री गारवा असतो, दुपारी तीसच्या वर जातं, पण वैशाखासारखं होरपळत नाही. थंडीतला गुलाब मोठ्या कळीचा आणि गडद रंगाचा येतो. मे महिन्यात तोच वाण लहान, फिकट आणि उतावळा होतो, सकाळी कळी असते ती दुपारी उमलून बसते. शेवंती दिवस लहान असतानाच कळ्या धरते, म्हणून तुळशीच्या लग्नापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, तिचा भर. फेब्रुवारीत शेतातली शेवंती सरत येते, पण बटन शेवंतीच्या काड्या अजून मिळतात. ग्लॅडिओ, कार्नेशन, ॲस्टर, डॉग फ्लॉवर सगळं याच दिवसांत चांगलं. मोगरा मात्र नाही. आपल्याकडचा मोगरा मार्चमध्ये सुरू होतो आणि वैशाखात ढिगानं येतो. माघातल्या लग्नाला मोगऱ्याचा गजरा हवाच म्हटलं तर तो दक्षिणेतून आलेला, दिवसभर प्रवास केलेला आणि कडक भावाचा असतो. आम्ही त्या जागी गुलछडीच्या बारीक कळ्या सुचवतो, आणि वास घेतल्यावर सहसा कोणी हट्ट धरत नाही. केसूडो, म्हणजे आपला पळस, बडोद्याच्या बाहेर पडलं की याच सुमारास पेटायला लागतो. दारातल्या पितळी घंगाळात तरंगत ठेवायला त्याच्यासारखं फूल नाही. पण फांदी तोडली की तो तासाभरात गळायला लागतो, आणि त्याच्या पाण्याचा केशरी डाग पांढऱ्या कपड्यावर बसला की निघत नाही. होळीचा रंग त्यापासूनच होतो. म्हणून तो दारापाशी ठेवायचा, अंगावर घ्यायचा नाही.

खरेदी दोन वेळा केली. १० तारखेला पहाटे काडीची फुलं, १२ तारखेला पहाटे सुटी फुलं. खंडेराव मार्केटची ती घुमटांची इमारत १९०६ सालची, सयाजीराव महाराजांनी बांधलेली. फुलवाले तिच्या आसपास बसतात आणि खरा माल उजाडायच्या आत संपतो. ‘‘बेन, आजे डच ओछां छे,’’ म्हणजे आज डच कमी आहेत, हे वाक्य त्या आठवड्यात रोज ऐकायला मिळतं. डच गुलाबाची गड्डी २० नगांची, कार्नेशनचीही २० ची, जरबेरा, ग्लॅडिओ आणि ऑर्किड १० च्या हिशेबानं. ‘सात पीच, पाच गुलाबी, चार अबोली’ असे रंग घरी बसून ठरवले की बाजारात तीन गड्ड्या घ्याव्या लागतात आणि चव्वेचाळीस फुलं उरतात. आम्ही रंग दोनच धरतो आणि उरलेल्या फुलांचं काम आधी ठरवतो. या लग्नात साय २० आणि पीच २०. दोन्हीतले आठ-आठ बुकेत, प्रत्येकी पाच नवरदेवाच्या, वडिलांच्या आणि मामा-काकांच्या कोटाला, चार-चार स्टेजवरच्या टेबलाला, आणि तीन-तीन बदली. बदली फुलाशिवाय बुके बांधायला बसू नये. दर गड्डीत दोन-तीन दांडे मान मोडलेले निघतातच.

गड्डी घेताना वरून बघून चालत नाही. दोन बोटांत कळीचा खालचा भाग हलकेच दाबायचा. कडक लागली तर ताजी. मऊ लागली तर आतून पोकळ झालेली, उद्यापर्यंत पाकळ्या टाकेल. पानं बघायची, दांड्याचं टोक बघायचं: टोक तपकिरी आणि चिकट असेल तर ते शिळ्या पाण्यात उभं होतं. आणि उमल बघायची. १२ च्या संध्याकाळी अर्धी उमललेली हवी असतील, तर १० च्या पहाटे बाहेरच्या एक-दोन पाकळ्याच सुटलेल्या हव्यात. अगदी घट्ट, हिरवट कळी घेतली तर ती उमलतच नाही, तशीच मान टाकते. हौसेनं घरचा बुके करणारे बहुतेक इथेच चुकतात: ‘कळी म्हणजे ताजं’ असं धरून सगळ्यांत बंद गड्डी उचलतात.

दुकानात आल्यावर गुलाब सोडवायचे नाहीत. पुठ्ठ्याच्या गुंडाळीतच ठेवून सगळ्यांचे दांडे तिरके दोन सेंटिमीटर कापायचे, शक्यतो टोक पाण्यात बुडवून. कापताना दांड्यात शिरलेली हवा पाणी अडवते. गुंडाळी असली की पाणी पितानाही मान सरळ राहते. बादली आधी ब्लीचनं धुतलेली, पाणी चार-पाच इंच, बोअरचं खारं नको. लिटरला १० ते २० ग्रॅम साखर, अर्ध्या लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-तीन थेंब. साखर फुलाला खाऊ घालते, पण तिच्याच जोरावर पाण्यात जंतू वाढतात आणि दांड्याच्या नळ्या बंद होतात, म्हणून लिंबू आणि ब्लीच तिच्याबरोबर लागतातच. नुसती साखर घातलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा वाईट. पाण्याखाली एकही पान राहू द्यायचं नाही. चार-पाच तास सावलीत, पंख्याच्या झोताबाहेर, मग पाणी बदलून रात्रभर. जरबेरा असेल तर त्याला दोन-तीन इंचच पाणी, त्याचा दांडा मऊ आणि लवदार, खोल पाण्यात सडतो. ग्लॅडिओ कधी आडवा ठेवायचा नाही; त्याचा शेंडा गुरुत्वाकर्षणाच्या उलट, वर वळतो आणि सकाळी सगळ्या काड्या हॉकीच्या काठ्या झालेल्या असतात.

घरच्या फ्रिजमध्ये फुलं ठेवण्याबद्दल रोज विचारलं जातं. ठेवू नयेत. त्यातली हवा कोरडी असते, आणि खालच्या कप्प्यातली सफरचंदं, केळी इथिलीन वायू सोडतात. पिकणाऱ्या फळाचा हा वायू फुलाला लवकर म्हातारं करतो. कार्नेशनला तर सर्वांत जास्त. गेल्या वैशाखात एका घरी संध्याकाळी चार गड्ड्या कार्नेशन आतल्या खोलीत नीट पाण्यात ठेवून आलो. त्याच खोलीत केसर आंब्याच्या सहा पेट्या गवतात पिकायला लावलेल्या होत्या, हे अंधारात लक्षात आलं नाही. सकाळी ऐंशीपैकी साठच्या वर फुलांच्या पाकळ्या आत वळून मिटल्या होत्या, झोपल्यासारख्या. पाणी ताजं, दांडे ताजे, आणि फुलं मेलेली. तेव्हापासून फुलं कुठल्या खोलीत उतरवणार ते आधी विचारतो, आणि त्या खोलीत आंबे, केळी, चिकू नकोत हे ऑर्डरच्या कागदावरच लिहितो. उदबत्तीचा दाट धूर आणि दाराशी चालू ठेवलेली स्कूटर यांचाही तोच परिणाम.

उलट ऑर्किड आणि अँथुरियम यांना थंडी सोसत नाही. दहा अंशांखाली ठेवले की पाकळ्यांवर काचेसारखे ओले डाग येतात, नंतर ते तपकिरी होतात. गुलाबाच्या शीतपेटीत ऑर्किड ठेवून ‘माल खराब निघाला’ म्हणणारे खूप आहेत.

१२ च्या पहाटे सुटी गुलछडी आली, तीन किलो. दोन हारांना अडीच किलो धरायची, उरलेली वेणी-मुंडावळ्यांना. सुटी गुलछडी पाण्यात टाकायची नाही आणि तिच्यावर पाणीही शिंपडायचं नाही, पाकळीवर थेंब राहिला की तिथे तपकिरी ठिपका पडतो. ओल्या, घट्ट पिळलेल्या मलमलीवर पसरायची. प्रज्वल वाणाच्या कळ्यांच्या टोकाला किंचित गुलाबी झाक असते. लाल गुलाबाच्या शेजारी ती फार गोड दिसते, आणि कोणी ‘ही जुनी फुलं आहेत का’ असं विचारलं तर तो वाणाचा रंग आहे हे सांगावं लागतं.

हाराची लांबी नवरीच्या उंचीवरून. मानेपासून गुडघ्याच्या जरा वर येईल इतका, म्हणजे एकूण दोन मीटर दोरा, शिवाय गाठीला वीतभर जास्त. दोरा जाड सुती, दुहेरी. प्रत्येक थरात चार फुलं, फुलीसारखी एकमेकांवर आडवी, सुई फुलाच्या नळीच्या मधून. मानेवर येणारा वीत-दीड वीत भाग दोनच फुलांचा पातळ ठेवायचा, नाहीतर हार मानेवर बसत नाही आणि मुंडावळ्यांना ढकलतो. दहा-बारा थर झाले की बोटांनी खाली सरकवायचे. इथे हाताचा अंदाज लागतो. फार दाबलं तर नळ्या फुटून रस येतो आणि दुपारपर्यंत हार पिवळा पडतो. सैल ठेवलं तर फुलं सुकताना आकसतात आणि दोरा दिसतो. सकाळी आठला ओवलेला हार दुपारी दोनला तीन-चार सेंटिमीटर तरी सैल होतो, म्हणून शेवटची गाठ सरकती ठेवतो आणि दोन जादा फुलं सुईसकट डब्यात देतो. प्रत्येक हारात नऊ लाल गुलाब: दोन्ही बाजूंना चार-चार आणि खाली एक. पाकळ्यांखालच्या हिरव्या गोळ्यातून सुई आडवी काढायची म्हणजे फुलाचं तोंड बाहेर राहतं. नऊ-नऊ अठरा, गड्डीतले दोन बदली. हार सव्वा ते दीड किलोच्या आत राहिला पाहिजे. त्याहून जड हार घालून अर्धा तास उभं राहणं नवरीला नको होतं, आणि शालूच्या पदरावर घडी पडते.

लाल गुलाबाच्या सुट्या पाकळ्यांची लड हारात गुंफायची पद्धत आहे. आम्ही शालूवर ती देत नाही. चुरगळलेली लाल पाकळी रंग सोडते.

मुंडावळ्यांना सुट्या फुलांतल्या सर्वांत बारीक, न उमललेल्या कळ्या निवडल्या. कपाळावर ५५ सेंटिमीटर, गालांवरून येणाऱ्या दोन लडी ३० च्या. कळ्या उभ्या, एकीच्या टोकाला दुसरीचा देठ. एका मुंडावळीला पन्नासेक लागतात. त्या पूर्ण कोरड्या असायला हव्यात, नाहीतर पाण्याचा थेंब कुंकवावर ओघळतो. वेणी अंबाड्याच्या घेराएवढी, तीस-पस्तीस सेंटिमीटर, गुलछडी आणि मधूनमधून पिवळी बटन शेवंती, अष्टपुत्रीच्या पिवळ्याशी जुळणारी.

बुके दुपारी तीनला बांधायला घेतला. सकाळी केला असता तरी चालला असता असं वाटतं, पण हातात धरलेली फुलं जितका कमी वेळ पाण्याबाहेर तितकं बरं. सामान असं: साय गुलाब ८, पीच ८, दुहेरी गुलछडीच्या काड्या ५, पिवळी बटन शेवंती ३ काड्या, कामिनीच्या डहाळ्या ६. जिप्सोफिला नाही. फ्लॅशच्या उजेडात त्याचे पांढरे ठिपके चमकतात आणि जवळच्या फोटोत साडीवर तांदूळ सांडल्यासारखे दिसतात. शिवाय पीच आणि साय यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा हवी होती, ती कामिनीची बारीक गडद पानं देतात.

आधी प्रत्येक दांडा तयार करायचा. वरची एक तृतीयांश लांबी सोडून खालची सगळी पानं आणि काटे काढायचे. काटा चाकूनं सोलला तर साल जाते आणि तिथून पाणी गळतं, अंगठ्यानं बाजूला दाबला की अलगद सुटतो. गुलाबाच्या सर्वांत बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या जाड, हिरवट रेषांच्या असतात. प्रवासात फुलाला जपायला त्या ठेवलेल्या असतात. त्या देठाशी धरून बाजूला ओढून काढायच्या. त्या निघाल्या की पीच गुलाबाचा खरा रंग दिसतो, आत गडद आणि कडेला फिकट. बाजारात ‘हा पीच फिका आहे’ म्हणून लोक जी गड्डी सोडून देतात, ती पुष्कळदा या पाकळ्यांमुळे फिकी दिसत असते. गुलछडीच्या काडीचा शेंडा, पाच-सहा कळ्यांचा, खुडून टाकायचा. तोडलेल्या काडीवर त्या कळ्या उमलत नाहीत आणि काडी वाकवतात.

मधला दांडा डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत धरायचा, फुलाखाली वीतभर अंतरावर. दुसरा दांडा त्याच्यावर तिरका, फूल डावीकडे, टोक उजवीकडे. तिसरा, चौथा त्याच तिरप्यानं, त्याच बाजूनं. एक लावला की हातातली जुडी थोडी फिरवायची आणि पुढचा लावायचा. नियम एकच: सगळे दांडे एकाच दिशेला झुकलेले हवेत, एकही उलटा नको. पहिल्या पाच-सहा दांड्यांत जुडी विस्कटल्यासारखी वाटते. आठव्या-नवव्यानंतर दांडे एकमेकांना धरतात आणि खाली कणसाच्या पेंडीसारखा पीळ दिसायला लागतो. एक दांडा उलटा गेला की तिथे फूल वर उचललं जातं, आणि मग लोक दोरी आणखी आवळतात. आवळून काही होत नाही. तो दांडा काढून परत लावावा लागतो.

रंगांची मांडणी: मध्ये तीन पीच जवळजवळ, म्हणजे लांबूनही बुकेला रंगाचा गाभा दिसतो. एकआड एक पीच-साय लावलं तर सोंगट्यांच्या पटासारखं दिसतं. सायीचे गुलाब बाहेरच्या बाजूला जास्त, कारण पैठणीला लागून असलेली कड उजळ हवी. बटन शेवंती तीन जागी, फुलांच्या पातळीहून बोटभर खाली; तिचा पिवळा काठाच्या जरीला उत्तर देतो आणि वर आणला तर झेंडूसारखा ओरडतो. गुलछडी कडेला, बाहेर वाकलेली. तिचा वास रात्री वाढतो, म्हणून पाचाच्या वर नको. बंद गाडीत डोकं चढतं.

तीस दांडे झाल्यावर हातातली जाडी चार सेंटिमीटरच्या आसपास, वजन पाऊण किलोच्या आत. ज्या जागी बोटांनी धरलं होतं नेमकं तिथेच मऊ दोरी चार वेढे देऊन बांधायची. दोन बोटं वर-खाली झालं तर पीळ सुटतो आणि गोल चपटा होतो. मग दांडे दोरीखाली १८ सेंटिमीटर ठेवून सरळ कापायचे. बरोबर बांधलेला बुके टेबलावर आपल्या दांड्यांवर उभा राहतो. कोसळला तर सोडून परत बांधायचा. बाहेरचा व्यास २४ सेंटिमीटर आला, नवरीच्या कमरेच्या रुंदीपेक्षा कमी. याहून मोठा बुके पैठणीचा काठ झाकतो, आणि काठासाठी तर पैठणी घेतलेली असते.

रिबिन दीड मीटर, पाऊण इंच रुंद, सायीच्या रंगाची. ती शेवटी, निघायच्या आधी. खालून वर गुंडाळत न्यायची आणि टाचण्या दांड्यांत वरच्या दिशेनं तिरक्या खोचायच्या, टोक आतच राहिलं पाहिजे. आडवी खोचलेली टाचणी पलीकडून बाहेर येते आणि नवरीच्या तळव्याला लागते. दांड्यांची टोकं रिबिनीबाहेर दोन बोटं मोकळी ठेवायची, म्हणजे बुके परत पाण्यात ठेवता येतो.

याच दिवशी स्टेजवरच्या टेबलाला लिलियम लावली. तिचे परागकोश फूल उमलताच, भुकटी व्हायच्या आत, बोटांनी ओढून काढायचे. राहून गेले आणि साडीला लागले तर पाणी लावायचं नाही, घासायचं नाही. चिकटपट्टीनं हलकं टिपून उचलायचं. पाणी लागलं की तो नारिंगी डाग कायमचा. तसंच रंगवलेल्या फुलांचं. बाजारातला निळा गुलाब, निळं ऑर्किड हे बहुधा पांढऱ्या फुलाला रंग पाजून किंवा फवारून केलेलं असतं. घामानं ओल्या हातात ते रंग सोडतं, त्यामुळे टेबलावर ठेवा, हातात देऊ नका.

पार्टी प्लॉटवर साडेसहाला पोचलो. एका गुलाबानं वाटेत मान टाकली होती. दांड्यात हवा अडकली की असं होतं. वेळ असता तर टोक परत कापून, पूर्ण दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून कोमट पाण्याच्या टबात आडवा ठेवला असता, अर्ध्या-पाऊण तासात मान वर येते. वेळ नव्हता, बदली पीच गुलाब वरून त्याच तिरप्यानं आत सरकवला आणि जुना खालून ओढून काढला. दिवे पिवळे होते, ३००० केल्विनचे, आधी विचारून ठेवल्याप्रमाणे. साय थोडी लोण्याच्या रंगाकडे गेली, पीच केशरीकडे, वांगी काळपट झाली, आणि बुके लांबूनही स्वच्छ दिसत होता. नवरी तयार होईपर्यंत तो आरशासमोरच्या स्टीलच्या तांब्यात, इंचभर पाण्यात उभा होता. नाव पुकारल्यावर मावशीनं तो काढला, दांडे कोरड्या नॅपकिननं पुसले, खालच्या टोकांवरून बोट फिरवून एकही थेंब राहिला नाही हे पाहिलं आणि मग तिच्या हातात दिला.